पेडल पूर्ण दाबलं तरी गाडी ओढत का नाही?

आजच्या गाडीत अ‍ॅक्सिलरेटरचं पेडल इंजिनला जोडलेलं नसतं. जुन्या कार्बोरेटरवाल्या मारुती ८०० मध्ये पायाखालून एक केबल निघायची आणि थेट हवेची झडप ओढायची. जेवढा पाय, तेवढी हवा. आता पेडलच्या मुळाशी दोन सेन्सर असतात. पाय किती दाबला गेलाय एवढंच ते इंजिनच्या कॉम्प्युटरला, म्हणजे ईसीयूला, कळवतात. पुढचं सगळं ईसीयू ठरवतो: झडप किती उघडायची, इंधन किती सोडायचं, ठिणगी कधी पाडायची, टर्बोचा, म्हणजे इंजिनमध्ये जादा हवा कोंबणाऱ्या पंख्याचा, दाब कुठवर वाढू द्यायचा. इंजिन जास्त तापलंय, एखाद्या सेन्सरचा आकडा पटत नाही, गिअरबॉक्स गरम झालाय, असं काही दिसलं तर तुमचा पाय तळाला टेकला तरी तो हात आखडता घेतो.

त्यामुळे ‘गाडीचा पिकअप गेला’ या एका तक्रारीमागे तीन वेगळी प्रकरणं असू शकतात. इंजिनला ताकद तयारच करता येत नसेल. किंवा तयार करता येत असेल, पण ईसीयू करू देत नसेल. किंवा ताकद नीट तयार होत असेल आणि चाकापर्यंत पोचेपर्यंत कुठेतरी वाया जात असेल. गॅरेजमध्ये पुष्कळदा हा फरक न करताच काम सुरू होतं. आधी प्लग बदलू, मग इंजेक्टर साफ करू, मग सेन्सर टाकून बघू. या ‘टाकून बघू’ पद्धतीचं बिल मात्र ‘बघू’ नसतं.

आधी हिशेब, मग संशय

वेग वाढतो तो फक्त शिल्लक ताकदीवर. इंजिन देतं ती सगळी ताकद वेग वाढवायला मिळत नाही. चढ, हवेचा विरोध आणि टायरचं घर्षण आधी आपला वाटा घेतात, उरलेल्यावर गाडी पुढे झेपावते.

एक ढोबळ उदाहरण घेऊ. १.२ लिटरची, टर्बो नसलेली छोटी पेट्रोल गाडी. चार माणसं आणि सामान धरून वजन १३०० किलो. समोर घाट, दर १५ मीटरला १ मीटर चढ. ताशी ६० किमीचा वेग नुसता टिकवायला या गाडीला चाकाशी सुमारे २५ हॉर्सपॉवर लागते. पाचव्या गिअरमध्ये या वेगाला इंजिन साधारण १८०० आरपीएमवर, म्हणजे मिनिटाला १८०० फेऱ्यांनी, फिरत असतं आणि तिथे ते चाकापर्यंत २४–२५ हॉर्सपॉवरच पोचवू शकतं. शिल्लक शून्य. पेडल कितीही दाबा, गाडी वेग घेणार नाही, उलट हळूहळू तो सोडेल. तीच गाडी तिसऱ्या गिअरमध्ये टाकली की आरपीएम ३००० च्या आसपास जातं, चाकाशी ४० च्या वर हॉर्सपॉवर मिळते आणि तीच गाडी अचानक ‘पळायला’ लागते.

हे इतकं सविस्तर सांगायचं कारण आपली पुणेरी काटकसर. अ‍ॅव्हरेज मिळावं म्हणून चाळीसच्या वेगाला टॉप गिअर टाकायची आपल्याला सवय असते, आणि डॅशबोर्डवरचा गिअर सुचवणारा बाणही तिला दुजोरा देतो. सपाट रस्त्यावर ते ठीक. नवले पुलाकडून कात्रजच्या नव्या बोगद्याकडे चढताना, दिवे घाटात किंवा साताऱ्याकडे जाताना खंबाटकीत हाच गिअर धरून ठेवला तर दोष गाडीचा नाही. छोट्या टर्बो पेट्रोल इंजिनांना तर कमी आरपीएमवर भरपूर पेडल देणं मानवतच नाही. टर्बो जागा व्हायला बहुतेक गाड्यांत १५०० ते २००० आरपीएम लागतात, आणि त्याच्या खाली जोर लावला तर इंजिनमध्ये अवेळी स्फोट होऊन पिस्टनला इजा होण्याचा धोका असतो.

हवेचाही वाटा आहे. पुणं समुद्रसपाटीपासून सुमारे ५६० मीटरवर आहे. मुंबईत हवेचा दाब १०१ किलोपास्कलच्या आसपास असतो, पुण्यात ९५ च्या आसपास. टर्बो नसलेल्या इंजिनला तेवढी, म्हणजे पाचेक टक्के, हवा इथे कमीच मिळते. महाबळेश्वर साडेतेराशे मीटरच्या घरात आहे, तिथे दाब ८६ च्या जवळ येतो. टर्बो असेल तर ही तूट बरीचशी भरून निघते. उष्णतेचा परिणाम पुण्याच्या उंचीपेक्षा मोठा, आणि तो कुणाच्या लक्षात येत नाही: डिसेंबरातल्या पहाटेच्या १२ अंशांपेक्षा एप्रिलातल्या दुपारच्या ४० अंशांना हवा सुमारे नऊ टक्के विरळ असते. त्यात एसीचा कॉम्प्रेसर आपली ताकद घेतो. एक लिटरच्या गाडीत पाच जण, एसी चालू, एप्रिलची दुपार, चांदणी चौकाचा चढ. अशा वेळी गाडी मंद वाटली तर स्कॅनर काढायची गरज नाही.

गरज कधी आहे? हीच गाडी, हाच चढ, हाच गिअर, एवढीच माणसं, आणि सहा महिन्यांपूर्वी ती आरामात चढत होती. तुलना स्वतःच्या जुन्या गाडीशी किंवा शेजाऱ्याच्या डिझेल एसयूव्हीशी करून उपयोग नाही, हिच्याच आधीच्या चालीशी करायची.

पैसे न लागणारी तपासणी

पहिली तपासणी इतकी साधी आहे की सांगायला संकोच वाटतो. पेडलखालची मॅट बघा. गाडी नवी असताना शोरूममधून आलेली मॅट, त्यावर अ‍ॅक्सेसरीच्या दुकानातून टाकलेली जाड मॅट, आणि पावसाळ्यात तिच्यावर अंथरलेली रबराची. पेडल मॅटला टेकतं, आपल्याला वाटतं पूर्ण दाबलं, ईसीयूपर्यंत मात्र सत्तर टक्केच मागणी पोचलेली असते. उलट पेडल मॅटखाली अडकून राहणं तर थेट अपघाताचं कारण. तेव्हा दोन मॅट एकावर एक नकोतच.

मग इको मोडचं बटण. बऱ्याच गाड्यांत ते चालू असलं की पेडलला मुद्दाम सौम्य प्रतिसाद मिळतो. सर्व्हिसिंगहून परत आलेल्या गाडीत ते कुणाचा तरी हात लागून चालू राहिलेलं असू शकतं.

टायरची हवा बघाच. आणि त्याच ओघात ब्रेक चिकटलेत का तेही बघा. पावसाळ्यात हँडब्रेक ओढून आठवडाभर उभ्या राहिलेल्या गाडीचे मागचे ब्रेक धरून बसतात; ब्रेक दाबून धरणाऱ्या कॅलिपरची पिन गंजली की पुढचंही चाक घासत राहतं. ओळखायची रीत अशी: पाचेक किलोमीटर शक्य तितके कमी ब्रेक वापरून गाडी चालवा, थांबा, आणि चारही चाकांजवळ हात न्या. स्पर्श करू नका, नुसती धग बघा. एकच चाक बाकीच्यांपेक्षा स्पष्ट गरम असेल तर दोषी सापडला. सपाट जागी न्यूट्रलमध्ये गाडी हाताने ढकलूनही कळतं. यात इंजिनचा काहीच दोष नसतो, पण गाडी ‘ओढत’ नाही आणि अ‍ॅव्हरेजही पडतं.

शेवटी बॉनेट उघडून एअर फिल्टरचा डबा काढा. पुण्यात जिथे तिथे खोदकाम आणि बांधकाम चालू, त्या धुळीत फिल्टर वेळापत्रकाच्या आधीच भरतो. पण मला जास्त धास्ती उंदरांची. सोसायटीच्या पार्किंगमध्ये चार-सहा दिवस उभ्या राहिलेल्या गाडीत उंदीर हवेच्या नळीतून शिरतात आणि फिल्टरच्या डब्यात कागद, चिंध्या, पालापाचोळा भरून संसार थाटतात. वायरी कुरतडतात ते वेगळंच. गावाला जाऊन आल्यावर गाडी अचानक मंद झाली असेल, तर कुठलाही महागडा संशय घेण्याआधी हा डबा उघडावा.

कमी कधी पडते, ते नीट सांगा

निदानाचं निम्मं काम इथे होतं. गाडी मंद आहे, हे पुरेसं नाही. कुठल्या आरपीएमला, गरम असताना की थंड, चढावर की सपाटीवर, धक्के देत की गुपचूप?

आरपीएमचा काटा झपकन वर जातो आणि वेग मात्र रेंगाळतो, असं असेल तर इंजिन ठणठणीत आहे, क्लच घसरतोय. मोकळ्या रस्त्यावर चौथ्या गिअरमध्ये चाळीसच्या वेगाने जाताना पेडल एकदम पूर्ण दाबा. काटा वेगाला सोडून उडाला की क्लच प्लेटची वेळ आली. युनिव्हर्सिटी चौक ते हिंजवडी रोज हाफ क्लचवर सरकणाऱ्या गाड्यांचं हे नशीबच आहे. ऑटोमॅटिकमध्ये मात्र हा निकष जपून लावायचा. सीव्हीटी गाडी आरपीएम आधी वर नेते आणि वेग मागून येतो, तो तिचा स्वभाव. एएमटी गिअर बदलताना क्षणभर दम घेते, तोही स्वभाव. ड्युअल क्लचची गाडी कोंडीत सरकत राहून क्लच तापले की स्वतःच ताकद कमी करते आणि डॅशबोर्डवर तसं सांगतेही.

जोर दिला की झटके आणि थरथर, तर मिसिंग. कुठल्या तरी सिलिंडरमध्ये ठिणगी वेळेवर किंवा पुरेशी पडत नाही. प्लग झिजला की त्याची गॅप वाढते. हळू चालताना ते खपून जातं, पण जोर दिला की सिलिंडरमधला दाब वाढतो, ठिणगीला तेवढी उडी मारता येत नाही आणि सिलिंडर चुकतो. प्लग ठीक असतील तर प्लगला वीज पुरवणारी कॉइल. एक सोपी युक्ती आहे: मिसिंग पहिल्या सिलिंडरला दाखवतंय, तर तिथली कॉइल तिसऱ्यावर लावा आणि तिसऱ्याची पहिल्यावर. दोष कॉइलबरोबर तिसऱ्यावर गेला तर कॉइल खराब. नवी कॉइल ‘टाकून बघण्या’पेक्षा ही अदलाबदल फुकट आहे. मिसिंगच्या वेळी चेक इंजिनचा दिवा लुकलुकत असेल तर जोर देणं लगेच थांबवा. न जळलेलं इंधन सायलेन्सरच्या बाजूला जाऊन धूर शुद्ध करणाऱ्या कॅटॅलिटिक कन्व्हर्टरमध्ये जळतं आणि आतली जाळी वितळवतं. प्लगचा खर्च शेकड्यांत किंवा फार तर काही हजारांत, कन्व्हर्टरचा दसपट-वीसपट.

सुरुवात चांगली, पण वरच्या आरपीएमला गाडीचा जीव कोंडतो आणि ठरावीक वेगापुढे काही केल्या जात नाही, असं असेल तर कुठेतरी वाट अडलेली आहे: इंधनाची, आत येणाऱ्या हवेची, किंवा बाहेर जाणाऱ्या धुराची. कन्व्हर्टर तुंबलेली गाडी चालवणं म्हणजे नाकाला चिमटा लावून सिंहगड चढणं. पायथ्याशी काही वाटत नाही.

आणि गाडी एकदम, एका क्षणात मेल्यासारखी झाली, आरपीएम अडीच-तीन हजारांपुढे जाईना, बंद करून चालू केली की पुन्हा ठीक, तर हा लिंप मोड. ईसीयूला काहीतरी न पटल्यामुळे त्याने घरी पोचण्यापुरती ताकद ठेवून बाकी काढून घेतलेली असते. इथे कारण ईसीयूकडे नोंदलेलं असतं. ते वाचायचं.

गाडीलाच विचारा

स्टिअरिंगखाली, ड्रायव्हरच्या गुडघ्याजवळ, सोळा पिनांचं एक सॉकेट असतं. त्याला ओबीडी पोर्ट म्हणतात. ब्लूटूथचा एक छोटा अडॅप्टर त्यात खोचला आणि मोबाइलवर अ‍ॅप घेतलं की ईसीयूचे आकडे दिसू लागतात. असे अडॅप्टर काही शे ते दोनेक हजार रुपयांत मिळतात. अगदी स्वस्तातले मधेच संपर्क तोडतात आणि पोर्टमध्ये तसेच ठेवले तर बॅटरीही खातात. काम झालं की काढून ठेवा. चालत्या गाडीत आकडे शेजारी बसलेल्याने वाचावेत, ड्रायव्हरने नाही.

ईसीयूने नोंदलेला दोष अ‍ॅपवर कोडच्या रूपात दिसतो, पण कोड हे निदान नव्हे. पी ०१७१ चा अर्थ एवढाच की मिश्रणात इंधनाच्या मानाने हवा जास्त होतेय. नळी फाटून जादा हवा शिरत असेल, इंधनाचा पंप दमला असेल, इंजेक्टर तुंबला असेल किंवा हवा मोजणारा सेन्सर खोटं बोलत असेल, चारही शक्यता तेवढ्याच खऱ्या. धुरातला ऑक्सिजन मोजणाऱ्या ऑक्सिजन सेन्सरने तक्रार केली म्हणून ऑक्सिजन सेन्सरच बदलायचा, हा प्रकार पुण्यातच काय, सगळीकडे चालतो. बातमी आणणाऱ्याला शिक्षा करण्यासारखं आहे ते. पी ०२९९ म्हणजे टर्बोचा दाब अपेक्षेपेक्षा कमी. टर्बो गेला असं तो कोड म्हणत नाही. कोडबरोबर ‘फ्रीझ फ्रेम’ असते: दोष नोंदला त्या क्षणाचा वेग, आरपीएम, तापमान. तिचा फोटो काढून ठेवा. बॅटरीची तार सोडली किंवा कुणी घाईघाईने कोड पुसला की ती जाते.

यापुढचं काम चालू आकड्यांचं, आणि मला विचाराल तर खरी गंमत इथेच आहे.

इंजिन बंद ठेवून फक्त इग्निशन चालू करा आणि मॅनिफोल्डचा, म्हणजे सिलिंडरांकडे हवा नेणाऱ्या नळ्यांतला, दाब बघा. पुण्यात तो ९४–९५ किलोपास्कल दिसला पाहिजे. इंजिन बंद म्हणजे तिथे बाहेरचीच हवा आहे. तो ८५ किंवा १०५ दाखवत असेल तर सेन्सरच चुकीचा आहे, आणि त्याच्या भरवशावर ईसीयू इंधन मोजतोय. याच अवस्थेत पेडल सावकाश तळापर्यंत दाबा. पेडलचा आकडा मधे न अडखळता चढला पाहिजे. काही गाड्यांत तो शंभरपर्यंत जातच नाही, त्याने घाबरू नका. अडखळणं हाच दोष.

आता टर्बो नसलेली पेट्रोल गाडी मोकळ्या चढावर दुसऱ्या गिअरमध्ये, पेडल पूर्ण दाबून. मॅनिफोल्डचा दाब बाहेरच्या दाबाच्या जवळ, नव्वदीच्या वर, यायला हवा. तो ८० च्या आसपासच घुटमळला तर अडथळा सेन्सरच्या अलीकडे आहे: फिल्टर तुंबलाय, नळी आत दबलीय, किंवा झडप पूर्ण उघडत नाही. दाब ९२ दिसतोय आणि तरीही गाडी ओढत नाही, तर हवा दारापर्यंत आलीय. घोळ पुढे आहे, म्हणजे इंधन, ठिणगी, व्हॉल्व्हचं टायमिंग किंवा धुराची वाट. एका आकड्याने अर्धं इंजिन संशयातून मोकळं होतं. टर्बोच्या गाडीत हाच आकडा पूर्ण जोराला बाहेरच्या दाबाच्या बराच वर जायला हवा, डिझेलमध्ये सहसा दोनशेच्या पुढे. तो ९५ च्या आसपासच राहिला तर टर्बो काही मदत करत नाहीये.

दुसरा महत्त्वाचा आकडा ‘फ्युएल ट्रिम’. मोजून सोडलेलं इंधन कमी-जास्त पडतंय असं ऑक्सिजन सेन्सरवरून कळलं की ईसीयू जी दुरुस्ती करतो, तिची ही टक्केवारी. अधिक-उणे दहाच्या आत असेल तर सोडून द्या. गाडी उभी असताना अधिक २०, आणि २५०० आरपीएमला ती उतरून ५ वर येते, तर कुठूनतरी चोरटी हवा शिरतेय. उभ्या गाडीत एकूण हवाच थोडी असल्याने चोरीचा वाटा मोठा दिसतो. उलट, उभ्या गाडीत ठीक आणि जोराला वाढत जाते, तर इंधन पुरत नाही किंवा हवा मोजण्यात कसूर आहे. हवा मोजणारा सेन्सर असलेल्या गाडीत त्याची नाजूक तार मळली की असं होतं. तिच्यासाठी वेगळा स्प्रे मिळतो, कापडाने पुसायला गेलात तर तार तुटेल. ‘परफॉर्मन्स’साठी तेल लावलेला एअर फिल्टर बसवणाऱ्यांनी तर हा सेन्सर आधी बघावा, कारण तेच तेल उडून तारेवर बसतं.

इंजिनचं तापमानही बघा. अर्धा तास चालूनही ते ७० अंशांच्या खालीच असेल तर पाण्याची रेडिएटरकडची वाट उघडणारा थर्मोस्टॅट उघडा अडकलाय, आणि ईसीयू गाडीला अजून थंड समजून वागवतोय.

टर्बो आणि डिझेल

टर्बोच्या गाडीत ताकद गेली की लोकांच्या पोटात गोळा येतो. बहुतेक वेळा टर्बो निर्दोष असतो. टर्बोपासून हवा थंड करणाऱ्या इंटरकूलरपर्यंत आणि तिथून इंजिनपर्यंत जाड रबरी नळ्या असतात. त्यांची क्लिप सैल होते किंवा नळीला चीर जाते. हळू चालताना काही कळत नाही, दाब वाढला की फुस्स असा आवाज येतो आणि ताकद जाते. डिझेलमध्ये सोबत काळा धूर. जोडाजवळ तेलाचा ओला डाग हा चांगला पुरावा. नक्की करायचं तर नळ्यांत धूर सोडून गळती शोधणारं यंत्र असतं. ते असलेलं गॅरेज शोधा. त्यानंतर टर्बोवर हुकूम पोचवणारी बारीक व्हॅक्यूम नळी आणि तो हुकूम अमलात आणणारा अ‍ॅक्च्युएटर. टर्बो सगळ्यात शेवटी.

डिझेलची पुण्यातली खरी डोकेदुखी डीपीएफ, म्हणजे काजळी अडवणारा फिल्टर. १ एप्रिल २०२० पासून बीएस ६ हे प्रदूषणाचे नियम लागू झाल्यावर डिझेल गाड्यांत तो आला. काजळी साठली की ईसीयू जादा इंधन वापरून धुराचं तापमान ६०० अंशांच्या आसपास नेतो आणि ती जाळून टाकतो. त्यासाठी गाडी पंधरा-वीस मिनिटं एका लयीत चालावी लागते. कोथरूडहून डेक्कन, डेक्कनहून परत, एवढंच जिचं आयुष्य, तिचं हे जाळणं दर वेळी अर्ध्यावर तुटतं. आयडलिंगचा आरपीएम नेहमीपेक्षा जरा वर, पंखा जोरात, अ‍ॅव्हरेज घसरलेलं, असं दिसलं तर जाळण्याचं काम चालू आहे. शक्य असेल तर तेव्हा गाडी बंद करू नका. डीपीएफचा दिवा लागला की लोणावळ्याच्या रस्त्याला लागा आणि एक गिअर खाली ठेवून, आरपीएम दोन हजारांच्या वर राखत, वीसेक मिनिटं सलग चालवा. पुष्कळदा दिवा जातो. दुर्लक्ष केलं तर लिंप मोड, मग वर्कशॉपमध्ये स्कॅनरने सक्तीने जाळणं. अर्ध्यावर तुटलेल्या प्रयत्नांत न जळलेलं डिझेल इंजिन ऑइलमध्ये उतरतं. ऑइलची पातळी आपोआप वाढलेली दिसली तर खूश होऊ नका, ऑइल बदला, आणि तेही पुस्तिकेत सांगितलेल्या कमी राखेच्या दर्जाचंच.

महामार्गावर नियमित जाणाऱ्या गाडीचा डीपीएफ पुन्हा पुन्हा भरत असेल तर काजळी जास्त का तयार होतेय ते शोधायला हवं: गळका इंजेक्टर, थोडा धूर परत इंजिनमध्ये सोडणारा, पण कार्बनने जाम झालेला ईजीआर व्हॉल्व्ह, किंवा वर सांगितलेली फाटकी नळी. फिल्टर काढून टाकून ईसीयूत फेरफार करून देणारे भेटतील. ते कायद्यात बसत नाही, आणि धूर आपल्याच गल्लीत राहतो.

इंधनाबद्दल थोडं

हल्ली पिकअप कमी झाला की पहिला आरोप इ२० पेट्रोलवर होतो. इथेनॉलमध्ये पेट्रोलपेक्षा सुमारे एक तृतीयांश ऊर्जा कमी असते, त्यामुळे २० टक्के मिश्रणाच्या प्रत्येक लिटरमागे ती सहा-सात टक्क्यांनी कमी भरते. पण ईसीयू ते ओळखून जास्त इंधन सोडतो, म्हणून फटका ताकदीपेक्षा अ‍ॅव्हरेजला बसतो. आधीच दमलेला पंप किंवा अर्धवट तुंबलेले इंजेक्टर असतील तर हे ‘जास्त’ त्यांना झेपत नाही आणि झाकलेला दोष उघडा पडतो. जुन्या, इ२० साठी न बनवलेल्या गाड्यांत रबरी नळ्या आणि सील तपासून घ्यावेत. शिवाय इथेनॉल पाणी शोषतं. पावसाळाभर अर्धवट टाकीवर उभी राहिलेली गाडी सुरू होऊन अडखळत असेल तर ही शक्यता धरा. दाब मोजल्याशिवाय पंप बदलू देऊ नका.

सीएनजीवर गाडी थोडी मंद असणं स्वाभाविक आहे. वायू सिलिंडरमधली जागा अडवतो, हवा कमी येते, आणि ताकद दहा-पंधरा टक्क्यांनी उतरते. पेट्रोलवर टाकून बघा: पेट्रोलवर छान आणि सीएनजीवर फारच रडत असेल तर सीएनजीचा फिल्टर, रेग्युलेटर आणि प्लग बघा. दोन्हीवर सारखीच मंद असेल तर दोष सामाईक भागात.

गॅरेजमध्ये

जॉब कार्डवर ‘पिकअप कमी’ एवढंच लिहू देऊ नका. ‘गरम झाल्यावर, तिसऱ्या गिअरमध्ये, २५०० आरपीएमच्या वर, चढावर ताकद जाते, झटके नाहीत’ असं लिहून घ्या. शक्य असेल तर मेकॅनिकला शेजारी बसवून त्याच चढावर न्या. कोड पुसण्याआधी त्याची प्रत मागा. भाग बदलायचा म्हणाले तर कुठल्या मापावरून ठरवलं ते विचारा. कन्व्हर्टर तुंबलाय असं सांगितलं, तर त्याच्या अलीकडच्या ऑक्सिजन सेन्सरच्या जागी गेज लावून दाब बघता येतो. २५०० आरपीएमला तो ३ पीएसआयच्या वर जात असेल तर म्हणणं खरं. नाना पेठेतून स्वतः भाग आणणार असाल तर जुन्या भागावरचा नंबर जुळवून, पक्क्या बिलावर घ्या. प्लग आणि सेन्सरमध्ये नकली माल ओळखायला सराईत डोळा लागतो.

काम झाल्यावर त्याच रस्त्यावर, तेवढ्याच माणसांसह, एका गिअरमध्ये चाळीस ते सत्तर व्हायला किती सेकंद लागतात ते शेजारच्याला मोबाइलवर मोजायला सांगा, आणि दुरुस्तीआधीची वेळही अशीच मोजलेली असू द्या. कोड पुसल्यावर ईसीयूचं जुनं शिकलेलं पुसलं जातं, त्यामुळे पहिले काही दिवस गाडी थोडी वेगळी वागू शकते. आठवड्याने फ्युएल ट्रिम पुन्हा बघा. आणि बदललेला जुना भाग मागून घ्या.